बहिरी फरशी

माणूस खोटं बोलायला लागला की ते त्याच्या बोटावरून कळतं, असा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. काचेपलीकडच्या बंद खोलीत त्याला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, सांगायचं, "शिटी ऐकू आली की बोट वर करा, कितीही बारीक असली तरी," आणि आपण काचेअलीकडे बसून बटण दाबत राहायचं. बोटं माणसांवर गेलेली असतात. चिक्कू माणूस खात्री पटल्याशिवाय बोट खर्च करत नाही. शाळेत पहिला नंबर काढलेला, शिटी वाजायच्या आतच उत्तर देऊन मोकळा होतो. ज्या बाईला नवऱ्याचं ऐकायचं नसतं तिचं बोट जाड आवाजांना झोपून राहतं आणि बारीक आवाजांना टुणकन उठतं. आलेख बघून डॉक्टर गोंधळतात, ती गोंधळत नसे. आणि म्हातारी माणसं, त्यातही एकटी पडलेली, बटण दाबलेलंच नसताना बोट वर करतात. शांततेला. ह्याला ती खोटं बोट म्हणायची. आलेखाच्या कडेला बारीक फुली मारायची आणि पुढं जायचं. खोट्या बोटाचा राग धरायचा नसतो. त्या माणसाला काहीतरी ऐकू आलेलं असतंच, फक्त ते आपण पाठवलेलं नसतं.

त्या दिवशी सकाळी काचेपलीकडे एक म्हातारेबुवा होते आणि बाहेरच्या बाकावर त्यांचे जावई. जावई टक्कल पडलेले, पोट सुटलेले, सासऱ्याला आणून पोचवलं म्हणजे आपला वाटा संपला अशा आविर्भावात फोनमध्ये तोंड घालून बसलेले. दार अर्धवट उघडं होतं. तिनं बटणावर बोट ठेवलं आणि मागून कुणीतरी दरडावलं, "कोण आहे तिथं?"

बोट बटणावर दाबलं गेलं ते तसंच राहिलं. काचेपलीकडे म्हातारेबुवांचं बोट वर गेलं आणि तेही तसंच राहिलं, साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखं. तिला मान वळवायला वेळ लागला. कारण आवाज बाबांचा होता, आणि बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"हे काय लावलंय तुम्ही?" बाहेर येऊन तिनं विचारलं.

"बंद करतो, बंद करतो," जावई दचकून म्हणाले. "पण आमच्या बुवांना काय ऐकू जाणार आहे म्हणा! दारावर हत्ती आला तरी विचारतील, बेल वाजली का?"

"तो आवाज कुणाचा आहे?"

"आवाज? अहो गेम आहे हा. 'चौकी'. लढाईचा. आमच्या कॉलेजच्या वेळचा. मास्तरांचा डोळा चुकवून काँप्युटरच्या खोलीत खेळायचो. आता कुणीतरी फोनवर आणलाय, फुकट. बोट लावलं की गोळी सुटते, आणखी काही नाही. बघा, हा आला." त्यांनी फोन तिच्यासमोर धरला. दगडी दालन, मातकट गणवेशातला एक चौकोनी माणूस बंदूक उगारत कोपऱ्यामागून पुढं आला. "कोण आहे तिथं?" बाबा ओरडले. जावयांनी पडद्यावर बोट टेकवलं. "अरे," बाबा म्हणाले, आणि खाली पडले.

"गेला," जावई समाधानानं म्हणाले. "काय हो, पाणी देऊ का? चेहरा उतरलाय तुमचा."

त्या काळी दादा आणि त्याचे दोन मित्र, एक चष्मेवाला आणि एक नुसताच जाड्या, मागच्या खोलीचं दार लावून ह्या 'चौकी'तलं युद्ध रचायचे. तिघांनाही नोकरी नव्हती, पण धंदा होता. म्हणजे विकायला काही तयार नव्हतं, भांडणं मात्र चालू झाली होती. पहिलं भांडण शत्रू कोण ह्यावर. खऱ्या देशाचा गणवेश घ्यावा तर उद्या कुणीतरी अंगावर यायचं, म्हणून शेवटी असा मातकट रंग काढला की तो कुणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता. खेळणारा स्वतःला कधी दिसत नसे. पडद्याच्या तळाशी एक बंदूक आणि ती धरलेला एक हात, एवढाच तो. समोर किल्ल्यातली दालनं, सरकणारी दारं, पहारेकरी. सगळ्या भिंती काटकोनात, कारण चष्मेवाल्याला तिरकी भिंत जमत नव्हती. सगळ्या पहारेकऱ्यांचा चेहरा एक, कारण जाड्याला एकच चेहरा काढता येई. आणि सगळ्यांचा आवाज एक, कारण घरात रिकामा असा पुरुष एकच होता. बाबा तरुणपणी लढाईवर जाऊन आलेले. कुठं होते, काय केलं, हे घरात कुणी विचारत नसे. दारामागं टेकवून ठेवलेल्या छत्रीसारखी ती गोष्ट होती, आहे हे सगळ्यांना माहीत, उघडून कुणी बघितलेली नाही. आल्यावर त्यांनी जन्मभर सुट्या भागांच्या गोदामात चाव्या सांभाळल्या. आवाज इतका मऊ की दुकानात मागितलेली वस्तू दुकानदाराला ऐकू जायची नाही, आणि दुसऱ्यांदा मागायचा संकोच म्हणून ते तसेच परत यायचे. आई म्हणायची, ह्यांना बाजारात पाठवणं म्हणजे पिशवीला फिरायला नेणं.

आवाज घुमू नये म्हणून दादानं दारावर रजई टांगली होती. एका बाजूचा खिळा धरेना म्हणून ते टोक तिच्या हातात दिलेलं. मायक्रोफोन झाडूच्या दांड्याला बांधलेला. बाबा त्याच्यासमोर उभे, घरातल्या बनियनवर, फोटो काढायला आल्यासारखे हात कुठं ठेवावेत हे न कळून.

"बाबा, समजा तुम्ही पहाऱ्यावर आहात आणि कुणीतरी आलं."

"कोण आलं?"

"शत्रू."

"माझा की तुझा?" जाड्या खिंकाळला. बाबा हसले नव्हते, हे तिला आता आठवलं. तेव्हा ती हसली होती. मग त्यांनी "कोण आहे तिथं" असं विचारलं, मोठ्या आदबीनं. "बाबा, पाहुणे नाही आले, शत्रू आलाय," दादा म्हणाला. बाबांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा पाहुणेच आले. तेव्हा बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही, नुसती टेप फिरत होती. आणि मग ते ओरडले. रजईचं टोक तिच्या हातातून सुटलं. चष्मेवाला खुर्चीसकट मागं सरकला. त्या ओरडण्यात दम देणं नव्हतं, त्यात एक उंच, फाटलेलं भय होतं, समोरच्याला भिववण्याआधी स्वतःच भ्यालेल्या माणसाचं. स्वयंपाकघरात आईचा झारा कढईवर वाजत होता तो थांबला. आई बाहेर आली नाही. झारा थोडा थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. नवरा असा ओरडला तर कुठलीही बाई धावत येईल. पण एवढी साधी बेरीज करायला मुलीला इतकी वर्षं लागली.

"झकास," दादा म्हणाला. "आता मरायचं." आणि जीभ चावली. "म्हणजे पहारेकऱ्याला गोळी लागते. ओरडा चांगलं मोठ्यानं."

"अरे," बाबा म्हणाले.

"हे काय, बाबा! कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखं!"

"तसंच असतं ते," बाबा म्हणाले. "ओरडायला वेळ लागतो. आधी माणसाला नवल वाटतं."

बाबांनी रजई खिळ्यावरून काढली, नीट घडी केली, आणि मोरीत जाऊन खूप वेळ तोंड धूत राहिले. 'चौकी' बऱ्यापैकी खपला. दादा त्याच्यावर काही वर्षं जगला आणि मग माणसांना खेळात मारण्यापेक्षा दुकानांत त्यांच्यावर पाळतीचे कॅमेरे बसवणं बरं, अशा निष्कर्षाला आला. बाबांचा आवाज असलेली दुसरी कुठलीही वस्तू घरात नव्हती. लग्नाच्या, वाढदिवसाच्या चित्रफितींत ते होते, पण मागच्या ओळीत, तोंड बंद. म्हणजे एक मऊ आवाजाचा माणूस जगातून गेला तेव्हा मागं त्याची एक किंकाळी आणि एक "अरे" एवढीच शिल्लक राहिली, आणि ती कुणाही जावयाला बोटाच्या टोकावर फुकट मिळत होती.

ती आणि आई दोघीच राहायच्या. आईचे कान तिनंच तपासले होते आणि आलेख दर वेळी जिना उतरल्यासारखा खाली खाली येत होता. बारीक आवाज आधीच गेले होते: दाराची घंटी, शिट्टी, नळाची धार. आता जाडही चालले होते. कानातलं यंत्र आई डबीतून बाहेर काढत नसे. "कशाला? तुझी बडबड मला तोंडावरून कळते, आणि बाकीच्यांची कळून घ्यायची नाही." पण पुरुषाचा आवाज अजून त्या आलेखावर टेकत होता, कडेला, दारात पाय अडकवून ठेवावा तसा. थोड्याच दिवसांत तेही दार लागणार होतं. त्याआधी आईला बाबा ऐकवायचे, असं तिनं ठरवलं. ऐकवायचे, पण ओरडण्यापर्यंतच. "अरे" नाही. कारण बाबा गेले तेव्हा घरात आई एकटी होती, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाला ती एकच वाक्य सांगत आली होती, "काही बोलले नाहीत. शांतपणे गेले." त्या वाक्यावर आई उभी होती. त्याला धक्का लागून चालणार नव्हतं.

म्हणून ती खेळ उलटा खेळायला शिकली. दारं सरकवायची, पहारेकऱ्याला दिसायचं, त्याला ओरडू द्यायचं आणि गोळी न झाडता मागं पळायचं. संध्याकाळी कामावरून आल्यावर ती तेच करत बसायची. फोन कडेनं धरायची, कोपऱ्यातले चालायचे बाण नखाच्या टोकानं दाबायची, बाकी पडद्याला चुकूनही बोट लागू नये म्हणून. ती पुन्हा पुन्हा मरायची. तिची काही तक्रार नव्हती; बाबांच्या हातून मरण्यात तिला एक विचित्र सुरक्षितपणा वाटायचा, तापात कुणीतरी अंगावर पांघरूण घालावं तसा. पण दिवसा कामाच्या जागी मधूनच वाटायचं की आपल्या नजरेच्या तळाशी एक हात आहे आणि तो काहीतरी धरून चाललाय. कोपऱ्यावरून वळताना ती थांबू लागली. डॉक्टर समोरून आले तर त्यांनी आधी काहीतरी विचारावं अशी वाट बघू लागली. एकदा तर झेरॉक्सच्या यंत्रामागून शिपाई उठला तेव्हा तिनं चक्क दोन्ही हात वर केले. "मॅडम, कागद संपलेत हो," तो म्हणाला, "लुटायला काही शिल्लक नाही."

एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरात होती, तोंड ओट्याकडं. मुलीनं टेबलावर फोन ठेवला, आवाज पुरा वाढवला आणि दार सरकवलं. "कोण आहे तिथं?" बाबा ओरडले. आई दचकली नाही. हातातलं काम न थांबवता, मान न वळवता, सवयीच्या आवाजात म्हणाली, "मीच आहे हो. झोपा."

आणि मग तिचा हात थांबला.

"रोज ओरडायचे," नंतर बसून आईनं सांगितलं, आजचा भाव सांगावा तशा सुरात. "झोपेत. तुम्हा पोरांना कळू नये म्हणून मी खोलीचं दार लावून घ्यायची. मी म्हणायची, मीच आहे, झोपा. की झोपायचे." थोड्या वेळानं म्हणाली, "कुठं सापडले ग?" जणू बाबा नव्हे, चष्मा. तेव्हापासून संध्याकाळी आई आपणहून खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसायची, तळहाताचा द्रोण कानामागं धरायची आणि म्हणायची, "लाव ह्यांना." ती लावायची. बाबा ओरडायचे. आई उत्तर द्यायची. मग तो चौकोनी माणूस गोळ्या झाडायचा आणि पडदा लाल व्हायचा, आणि आई म्हणायची, "ह्यांना कधी धीर म्हणून नाही."

पळता पळता ती किल्ल्याच्या अगदी आतल्या दालनात पोचली तेव्हा तिथं एकजण भिंतीकडं तोंड करून उभा होता. बाकीच्या पहारेकऱ्यांसारखाच, पण वळत नव्हता. ती त्याच्या मागं अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मानेवर जाड्यानं केस म्हणून काढलेले दोन-चार काळे चौकोन. तिनं दादाला फोन लावला.

"तू तिथपर्यंत पोचलीस?" दादा हसत सुटला. "अगं, लपंडावात तू राज्य आलं की रडायचीस! तो बहिऱ्या फरशीवर आहे. आमच्या खेळात एक गोळी झाडली की दारं उघडी असतील तिथवर सगळ्यांना ऐकू जायची. मग झाडून सगळे पहिल्याच खोलीत धावत यायचे आणि पुढं किल्ला ओस. म्हणून चष्मेवाल्यानं काही फरश्या बहिऱ्या केल्या. अशा फरशीवर जो उभा आहे त्याला आवाज ऐकू जात नाही, तुम्ही दिसलात तरच वळणार. ह्याचं तोंडच चुकून भिंतीकडं राहिलं, मग दिसणार कसं? काढणारच होतो. पण बाबा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, राहू दे त्याला. एकजण असा असतोच."

"असा म्हणजे?"

"म्हणाले, त्याला ऐकू येत नाही असं नाही. तो वळत नाही, एवढंच."

"तू विचारलं नाहीस, कोण?"

"तू विचारलं असतंस?" दादा आता हसत नव्हता.

तिनं विचारलं नसतं. पण आता दोन्ही रकमा एकाखाली एक आल्यावर बेरजेला काही अक्कल लागत नव्हती. "अरे" हा शब्द बाबांचा नव्हता. तो त्यांनी कुठंतरी ऐकला होता, आणि ऐकताना त्यांच्या बंदुकीसमोर एक पाठ होती, हाक मारूनही न वळलेली. ती पाठ जन्मभर त्यांच्या झोपेत उभी राहिली. मुलानं ती नकळत खेळात आणून ठेवली तेव्हा त्यांनी ती ओळखली आणि राहू दे म्हटलं. तिनं खेळ त्या जागी, त्या पाठीमागं, साठवून ठेवला. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिथं कुणी गोळी झाडत नव्हतं, एवढं मात्र खरं.

"हे का बोलत नाहीत आज?" दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं.

"ह्याला ऐकू येत नाही."

"माझी जात," आई हसली. ती पुढं वाकली. तिची नजर त्या पाठीवर खिळली, आणि चेहरा असा झाला की जणू कुणाच्या सदऱ्याला धूळ लागलेली तिला दिसली आहे. "खांदे बघ कसे पाडून उभे आहेत," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी धरलेला फोन मुलीला मागं घेता येण्याआधीच तिनं त्या पाठीवर बोट टेकवलं.

"अरे," बाबा म्हणाले.

आईचं बोट काचेवरच राहिलं. पडदा शांत होता. समोर रिकामी भिंत आणि खाली काहीतरी मातकट. मुलीला वाटलं, आईला ऐकू गेलं नसेल. तो शब्द लहान होता, आलेखावर कुठं पडला असता कोण जाणे. मग आई म्हणाली, "असंच. अगदी असंच म्हणाले."

"तू तर सांगायचीस, काही बोलले नाहीत म्हणून."

"हे काय बोलणं झालं? मी भांडी घासत होते. तोंड भिंतीकडं. मागं हे चहा घेत बसलेले. अरे म्हणाले. मला वाटलं सांडला. मी म्हटलं, असू दे, मी पुसते." आई थांबली. "सगळी भांडी झाली, मग वळले."

मुलीनं फोन पालथा घातला. खोलीत दिवा लावायचा राहिला होता. बाहेर कुणाचं तरी दार सरकलं, लागलं. तिला वाटलं आई रडेल, आणि त्याची तिनं तयारी केली. खुर्ची जवळ घेतली, हात पुढं केला. आईनं तो हात बाजूला सारला, तळहाताचा द्रोण कानामागं धरला आणि म्हणाली, "पुन्हा लाव."

"नको, आई."

"पुन्हा लाव म्हणते ना. मी ह्या वेळी नीट ऐकते."

खेळ साठवलेला होता, त्यामुळे तो पहारेकरी पुन्हा उभा राहायचा, पुन्हा भिंतीकडं तोंड करून, नव्या पाठीनं. दर संध्याकाळी. आई हेका सोडत नव्हती आणि बोट मात्र लावत नव्हती; ते काम मुलीकडं आलं. आधी तिनं डोळे मिटून केलं, मग न मिटता. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की तिचं बोट आता संकोचत नाही, कामावर बटण दाबतं तसं दाबतं: बेतानं, आवाज स्वच्छ जावा म्हणून. "अरे," बाबा म्हणायचे, आणि आई बोट वर करायची. हे तिला इथं कुणी सांगितलं नव्हतं. तपासणीत शिकली होती तेच. ऐकू आलं की बोट वर. पुढं पुढं बोट वर जायला उशीर होऊ लागला. मग एका संध्याकाळी ते गेलंच नाही. "लावलास का?" आईनं विचारलं. तिनं पुन्हा लावला. पुन्हा लावला. आई द्रोण धरून तशीच बसून राहिली, आणि तो माणूस भिंतीशी पडत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला कामावर नेऊन काचेपलीकडे बसवलं, हेडफोन चढवले, दार लावलं. त्या खोलीचं दार लागलं की बाहेरचं आत आणि आतलं बाहेर काही जात नाही. आई स्टुलावर तिच्याकडं तोंड करून बसली, पदर नीट करून, परीक्षेला बसल्यासारखी. तिनं जाड आवाजापासून सुरुवात केली. बोट खाली. वाढवला. बोट खाली. यंत्रात जेवढा आवाज होता तेवढा तिनं पाठवला. एवढ्या आवाजाला माणूस हेडफोन फेकून देतो. आई काचेतून तिच्याकडं बघून समजूतदारपणे हसली. आलेख संपला होता. खाली उतरायला आणखी पायरी नव्हती. तिनं बटणावरून हात काढला, मांडीवर ठेवला आणि नुसती बसली.

आईचं बोट वर गेलं.

खोटं बोट, ती सवयीनं मनात म्हणाली आणि फुली मारायला पेन उचललं. पण आईची नजर तिच्यावर नव्हती, तिच्या खांद्यावरून पलीकडे होती, जिथं बाहेरच्या खोलीचं दार नेहमीसारखं अर्धवट उघडं असणार. आईचं वर केलेलं बोट सावकाश पुढं झुकलं आणि कुणीतरी आलंय, बघ, असं दाखवावं तसं तिच्या पाठीमागं रोखलं गेलं. आईचे ओठ हलत होते. काचेतून काही येत नव्हतं, पण इतक्या वर्षांत तिला ओठ वाचता येत होते. वळ, आई म्हणत होती. वळ ग.

तिचं तोंड काचेकडं होतं. तिनं पेन खाली ठेवलं, कागद सरळ केला, बटणावरची धूळ अंगठ्यानं पुसली. मागचं तिला ऐकू आलं नव्हतं असं नाही.